तार कोणाच्या हातीं?

नव्या यंत्राचें पहिलें स्वागत बहुधा हंशानेंच होतें. १८४३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें, म्हणजे तेथील विधिमंडळांत, असाच एक प्रसंग घडला. सॅम्युअल मोर्स नांवाच्या चित्रकारानें विजेच्या साहाय्यानें दूरवर निरोप पाठविण्याचें यंत्र तयार केलें होतें व त्याच्या प्रयोगासाठीं सरकारनें ३०,००० डॉलर्स द्यावेत असा ठराव सभागृहापुढें होता. त्या वेळीं टेनेसी संस्थानाचे प्रतिनिधि केव्ह जॉन्सन यांनीं उठून सुचविलें कीं, असे पैसे द्यावयाचेच असतील तर त्यांतील निम्मे मोहिनीविद्येच्या प्रयोगांनाही द्यावेत! सभागृहांत हंशा पिकला. तरी ८९ विरुद्ध ८३ अशा अवघ्या सहा मतांच्या आधिक्यानें ठराव मंजूर झाला. आणि २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरपर्यंत, सुमारें ४० मैलांच्या तारेवरून, मोर्सचा निरोप डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जाऊन पोंचला.

यानंतर वर्षभरांतच एक विलक्षण योग जुळून आला. १८४५ सालीं हेच केव्ह जॉन्सन देशाचे पोस्टमास्तर जनरल झाले आणि ती तार टपालखात्याकडे, म्हणजे त्यांच्याच देखरेखीखालीं आली. थट्टा करणाऱ्यावरच तें यंत्र चालविण्याची पाळी आली, आणि जवळून पाहिल्यावर त्यांची थट्टा पार मावळली. त्या वर्षाच्या आपल्या अहवालांत त्यांनीं दोन गोष्टी नमूद केल्या. एक अशी कीं, या तारेच्या उत्पन्नांतून तिचा खर्च भागेल असा भरंवसा वाटत नाहीं. दुसरी अशी कीं, बरें आणि वाईट दोन्ही करण्याचें एवढें सामर्थ्य असलेलें साधन कायद्याचें कसलेंही बंधन नसलेल्या खाजगी मालकांच्या हातीं सोंपविणें लोकांच्या हिताला धोक्याचें होय. काँग्रेसनें यांतील पहिली गोष्ट ध्यानांत घेतली आणि दुसरी कानाआड केली. मोर्स आपले हक्क १,००,००० डॉलर्सना सरकारला विकावयास तयार होता. पण सौदा झाला नाहीं. १८४७ सालापर्यंत ती पहिली तार खाजगी कंपनीकडे गेली.

त्यानंतर देशांत लहानमोठ्या तारकंपन्यांचें पेंव फुटलें. चढाओढीमुळें दर उतरतील व लोकांचा फायदा होईल अशी सर्वांची समजूत होती. परंतु तारेचा धंदा किराणा दुकानासारखा नाहीं. एका पेठेंत दहा दुकानें असलीं तर गिऱ्हाइकाचें भलेंच होतें. उलट जी तार शंभर गांवें जोडते, तिच्यापुढें दहा गांवांच्या तारेला कोणी विचारीत नाहीं. जिच्याकडे गिऱ्हाईक अधिक तिच्याकडेच तें अधिकाधिक वळतें, आणि मोठी कंपनी लहानीस गिळते, असा या धंद्याचा स्वभावच आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथें १८५१ सालीं निघालेली आणि १८५६ सालीं ‘वेस्टर्न युनियन’ हें नांव घेतलेली कंपनी याच रीतीनें वाढत गेली. २४ ऑक्टोबर १८६१ रोजीं पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतची तार पुरी झाली; त्या कामासाठीं सरकारी तिजोरींतून वार्षिक मदत देण्याचा कायदा काँग्रेसनें आदल्याच वर्षीं केला होता. १८६६ सालीं उरलेल्या दोन मोठ्या प्रतिस्पर्धी कंपन्याही वेस्टर्न युनियनमध्यें विलीन झाल्या. ज्या जनतेच्या पैशावर तारेचा पहिला खांब उभा राहिला, त्या जनतेला तिच्या कारभारांत शब्द टाकण्याचा अधिकार मात्र उरला नाहीं.

कंपनीनें देशाची सेवाच केली नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ओसाड माळरानांतून आणि डोंगरदऱ्यांतून तिनें तारा ओढल्या. व्यापाऱ्याला दूरच्या पेठेचा भाव त्याच दिवशीं कळूं लागला. १८७१ पासून तारेनें पैसेही धाडतां येऊं लागले. प्रश्न तिच्या कर्तबगारीचा नव्हता. एवढी मोठी सत्ता हातीं असलेल्यांना जाब कोण विचारणार, हा खरा प्रश्न होता.

तो प्रथम उभा राहिला वृत्तपत्रांच्या बाबतींत. न्यूयॉर्कच्या कांहीं दैनिकांनीं १८४६ सालीं एकत्र येऊन ‘असोसिएटेड प्रेस’ ही वृत्तसंस्था काढली होती. बातमी एकदांच मागवावी आणि खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा, हा मूळ हेतु रास्तच होता. पुढें या संस्थेचें आणि तारकंपनीचें साटेंलोटें जमलें. कंपनीनें स्वतः बातम्यांचा धंदा करूं नये, आणि संस्थेच्या पत्रांनीं दुसऱ्या तारकंपनीस उत्तेजन देऊं नये, असा करार झाला. ज्या नव्या पत्राला संस्थेचें सभासदत्व मिळालें नाहीं, त्याचा जन्मच कठीण झाला. ज्याला मिळालें, त्याला तारकंपनीवर टीका करणें परवडेनासें झालें. कोणी कोणाचें तोंड दाबलें नाहीं, कोणताही छापखाना जप्त झाला नाहीं. तरीसुद्धां मुद्रणस्वातंत्र्य पुष्कळसें आटून गेलें.

याहून मोठी कसोटी १८७६ च्या नोव्हेंबरांत लागली. त्या वर्षीं अध्यक्षपदासाठीं रिपब्लिकन पक्षाचे हेज आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे टिल्डन यांच्यांत सामना होता. लोकांचीं प्रत्यक्ष मतें टिल्डन यांना सुमारें अडीच लाखांनीं अधिक पडलीं. परंतु अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळांत त्यांच्याकडे निर्विवाद मतें १८४, आणि हवीं होतीं १८५. फ्लॉरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलिना व ऑरिगॉन येथील मिळून २० मतांचा वाद माजला. अखेर १५ जणांच्या आयोगानें ८ विरुद्ध ७ मतांनीं सर्वच्या सर्व मतें हेज यांच्या पदरांत टाकलीं, आणि २ मार्च १८७७ रोजीं ते निवडून आल्याचें जाहीर झालें.

या चार महिन्यांत दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांची मसलत तारेवरून चालली होती, आणि त्या निरोपांच्या प्रती वेस्टर्न युनियनच्या दप्तरांत पडून होत्या. त्याच काळांत पश्चिमेकडील असोसिएटेड प्रेसचे प्रमुख विल्यम हेन्री स्मिथ हे हेज यांचे जिवलग मित्र व त्यांच्या उमेदवारीसाठीं झटणारे गृहस्थ होते. बातमी देणाराच पक्षाचा कार्यकर्ता, असा हा प्रकार होता. पुढें काँग्रेसच्या समित्यांनीं तारा मागविल्या. कंपनीचे अध्यक्ष विल्यम ऑर्टन यांनीं गिऱ्हाइकांच्या गुप्ततेच्या नांवावर प्रथम विरोध केला, परंतु शेवटीं हजारों तारा द्याव्या लागल्या. त्यांतील कांहीं बाहेर फुटल्या आणि १८७८ सालीं रिपब्लिकन बाजूच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ पत्रानें त्यांतील सांकेतिक भाषा उलगडून टिल्डन यांच्या पाठीराख्यांनीं लांच देण्याच्या वाटाघाटी केल्याचें उघडकीस आणलें. लांच देऊं पाहणारे दोषी होते यांत संशय नाहीं. पण कोणते निरोप उजेडांत यावेत आणि कोणते अंधारांत राहावेत, हें कायद्यानें ठरलें नाहीं. ज्यांच्या हातांत ते पडले त्यांनीं ठरविलें. याच १८७८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें टपालांतील बंद पत्र वॉरंटाशिवाय उघडतां येणार नाहीं असा निर्णय दिला. कागदावर लिहिलेल्या निरोपाला जें कवच मिळालें, तें तारेवरून गेलेल्या निरोपाला मिळालें नव्हतें.

१८८१ सालीं वेस्टर्न युनियन जे गूल्ड या सट्टेबाज धनिकाच्या ताब्यांत गेली. प्रथम प्रतिस्पर्धी कंपनी काढावयाची, तिच्या धाकानें मोठ्या कंपनीच्या भागांचे भाव पाडावयाचे, आणि पडलेल्या भावानें ते भाग विकत घ्यावयाचे, असा त्याचा डाव होता. एकीकरणानंतर कंपनीचें भांडवल ८ कोटी डॉलर्स ठरलें. त्याच्याकडे आगगाड्या होत्या, आणि १८८३ पर्यंत ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हें दैनिकही होतें. मग १८८४ ची निवडणूक आली. सगळा निकाल न्यूयॉर्क संस्थानावर येऊन ठेपला. आणि तेथें क्लीव्हलंड यांचें मताधिक्य जेमतेम हजार-अकराशें. आंकडे येण्यास उशीर होऊं लागला, आणि गूल्डनें मतें फिरविण्यासाठींच तारा अडवून धरल्या आहेत अशी वार्ता शहरभर पसरली. खवळलेला जमाव वेस्टर्न युनियनच्या इमारतीवर चालून गेला. शेवटीं क्लीव्हलंडच निवडून आले आणि गूल्डनें अभिनंदनाची तार धाडली. तारा खरोखर अडविल्या होत्या कीं नव्हत्या, हा प्रश्न येथें गौण आहे. नागरिकाला तें पडताळून पाहण्याचा कोणताही मार्ग नव्हता, ही मुख्य गोष्ट. मतमोजणीवरचा विश्वास एका खाजगी गृहस्थाच्या सचोटीवर टांगून राहिला, तर लोकसत्तेचा पाया किती खोल आहे हें निराळें सांगावयास नको.

तार टपालखात्याकडे द्यावी यासाठीं अमेरिकेंत अनेक विधेयकें आलीं. १८९२ सालीं शेतकऱ्यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या पीपल्स पक्षानेंही तशी मागणी आपल्या जाहीरनाम्यांत घातली. परंतु कंपनी आतां इतकी बलाढ्य झाली होती कीं यांतील एकही विधेयक तडीस गेलें नाहीं. १९१० सालीं तारकंपन्या सरकारी दरनियंत्रणाखालीं आल्या. आणि नव्या पत्रांना दूर ठेवणारे असोसिएटेड प्रेसचे नियम बेकायदेशीर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९४५ सालीं दिला. १८४५ सालचा अहवाल आणि हा निर्णय यांच्यामध्यें एक शतक गेलें.

इंग्लंडनें निराळी वाट धरली. १८६८ च्या कायद्यानें तेथील पार्लमेंटनें तारकंपन्या विकत घेण्याचें ठरविलें आणि १८७० सालीं तारा टपालखात्याकडे आल्या. अंतर कितीही असो, २० शब्दांना एक शिलिंग असा सरसकट दर झाला. कंपन्यांना किंमत फार मोजावी लागली, तारखातें तोट्यांत चाललें. तरी खेड्यांतल्या आणि लंडनच्या माणसाला एकच दर लागूं झाला.

मग सरकारी मालकी हाच उपाय काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्या देशाच्या इतिहासांत आहे. हिंदुस्थानांत तार घातली गेली ती डलहौसीच्या अमदानींत, ओशॉनेसी या डॉक्टरच्या हातून. आणि १८५५ च्या सुमारास कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें जोडलीं गेलीं. त्या वेळीं येथें सरकार आणि कंपनी असा भेदच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनी हेंच सरकार होतें. ११ मे १८५७ रोजीं दिल्लीच्या तारघरांतून अंबाल्यास इशारा गेला आणि त्या तारेचा उपयोग राज्यकर्त्यांना किती, हें दिसून आलें. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या पांचव्या कलमानें सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव कोणताही निरोप अडविण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला. येथें तार सरकारची होती, पण सरकार लोकांचें नव्हतें. इतकेंच नव्हे, तर सरकार लोकांचें झाल्यावरही तें कलम तसेंच राहिलें. असा अधिकार वापरतांना वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हवा आणि त्याची समितीकडून तपासणी झाली पाहिजे, हें बंधन सर्वोच्च न्यायालयानें घातलें तें १९९६ सालीं. २०२३ सालीं संसदेनें नवा दूरसंचार कायदा केला. निरोप अडविण्याचा अधिकार मात्र त्यांतही कायम आहे.

तात्पर्य, मालक बदलला म्हणजे धनी कोण हा प्रश्न सुटला असें होत नाहीं. मालक कंपनी असो वा सरकार, सर्वांना सारखा दर, प्रत्येकाच्या निरोपाला कायद्याचें संरक्षण आणि कारभार तपासण्याचा लोकांचा हक्क, हीं बंधनें घातल्याविना निरोपाचें साधन लोकसत्तेच्या उपयोगीं पडत नाहीं.

तार आतां इतिहासजमा झाली. वेस्टर्न युनियननें २००६ च्या जानेवारींत आणि भारतानें २०१३ च्या जुलैंत ती बंद केली. परंतु तिनें उभा केलेला प्रश्न इंटरनेटच्या रूपानें घरोघर आलेला आहे. फेसबुक कंपनीनें भारतांत ठराविक संकेतस्थळेंच फुकट दाखविणारी ‘फ्री बेसिक्स’ ही योजना आणली, तेव्हां कंपनीनें निवडलेलें फुकट आणि इतरांचें विकत, असा भेद करूं द्यावा काय, असा वाद माजला. कंपनीनें लाखों लोकांकडून पाठिंब्याचे निरोप धाडविले. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ते मोजण्याऐवजीं तपासले, आणि विचारलेल्या प्रश्नांचें उत्तर त्यांत नाहीं असें सांगितलें. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं असा दरभेद करण्यास मनाई झाली. ज्या निर्णयाला अमेरिकेंत तारेच्या बाबतींत कित्येक दशकें लागलीं, तो येथें साधन नवें असतांनाच झाला, ही समाधानाची गोष्ट होय.

तें समाधान पुरें मात्र नव्हे. एका हांकेसरशी लाखों निरोप लिहविणारी शक्ति तशीच कायम आहे आणि तिच्या हातीं रोज नवीं यंत्रें येत आहेत. प्रत्येक यंत्र प्रथम खेळणें वाटतें, आणि त्याला बंधन घालणें तेव्हांच सोपें असतें. केव्ह जॉन्सन यांना शहाणपण सुचावयास जेमतेम तीन वर्षें लागलीं. पण तेवढ्यांत सभागृहाची उत्सुकता ओसरली होती, आणि हंशा पिकविणाऱ्या जॉन्सनना जेवढे श्रोते मिळाले, तेवढे इशारा देणाऱ्या जॉन्सनना मिळाले नाहींत.