सेलवासचा पब्लिक इश्यू आणि ॲस्पिरिनचा वाद

मंडळी, मागच्या वेळी पिपरियाच्या जुन्या वसाहतीबद्दल लिहिलं, तेव्हा काही जणांनी म्हटलं की नव्वदच्या दशकातल्या शेअरच्या वेडाबद्दलही लिहा. लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. माणसांचीही नावं नाहीत, कारण त्यांची मुलं-नातवंडं आज इथेच आहेत.

आधी थोडा इतिहास, म्हणजे नव्या मंडळींना संदर्भ लागेल. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या मोहिमेत सुधीर फडके, राजा वाकणकर अशी पुण्या-मुंबईची मराठी मंडळी होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची सात वर्षं इथला कारभार इथल्याच लोकांनी चालवला आणि ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा नगर हवेली भारतात विलीन झाली. कारखाने मात्र तेव्हा जवळपास नव्हतेच. १९६५ मध्ये पिपरियाला दान उद्योग सहकारी संघाची वसाहत झाली, मग मसाट, खडोली अशा वसाहती उभ्या राहिल्या. वारली, कोकणा, धोडिया लोकांची भातशेती आणि सागाचं जंगल, त्यात मध्येच पत्र्याच्या शेड्स, असं ते चित्र होतं.

खरा लोंढा आला तो करसवलतीमुळे. विक्रीकरात पंधरा वर्षांची सूट होतीच. त्यात १९९३ च्या अर्थसंकल्पाने मागास राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या नव्या उद्योगांना पहिली पाच वर्षं नफ्यावर शंभर टक्के आयकर माफ केला. त्या यादीत आपलं दादरा नगर हवेली होतं. वापी स्टेशन अठरा-वीस किलोमीटरवर, मुंबईची गाडी रोजची. मग काय, मुंबईचा जो तो शेठ सेलवासला प्लॉट शोधायला लागला. १९९१ च्या जनगणनेत सगळ्या प्रदेशाची लोकसंख्या १,३८,४७७ होती, २००१ मध्ये ती २,२०,४९० झाली. त्या वाढलेल्यांत आम्ही खानदेशी बरेच. मी धुळ्याहून आलो आणि मसाटच्या एका प्लास्टिक कारखान्यात अकाउंट्सला लागलो.

आता शेअरचं. १९९२ पर्यंत कंपनीला लोकांकडून भांडवल उभारायचं तर दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजची परवानगी लागायची. शेअर किती रुपयांना विकायचा तेही तिथेच ठरायचं. मे १९९२ मध्ये तो कायदाच गेला. देखरेख सेबीकडे आली, पण सेबीलाच कायद्याचे अधिकार मिळून जेमतेम काही महिने झाले होते. हर्षद मेहता प्रकरणाने बाजार एकदा आपटला, तरी १९९४-९५ आणि १९९५-९६ या दोन वर्षांत दरवर्षी हजारावर कंपन्या लोकांसमोर पैसे मागायला आल्या. वापीच्या सब-ब्रोकरकडे फॉर्मचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असायचे. आणि गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी फॉर्मवर कारखान्याचा पत्ता आपल्या गावचा असायचा! करमाफी म्हणजे नफा जास्त, असा हिशोब सांगून शेअर खपत होते.

अशीच एक कंपनी आली, आरोग्यवर्धक कॅप्सूल बनवणारी. लसूण आणि काही वनस्पतींचा अर्क. कारखाना खडोलीच्या बाजूला होणार. दहा रुपयांचा शेअर, अर्जाबरोबर पाच भरायचे. माहितीपत्रकात सगळा जोर एकाच गोष्टीवर होता : हृदयासाठी लोक ॲस्पिरिन घेतात, ॲस्पिरिनने पोट जळतं, रक्तस्राव होतो, आमची कॅप्सूल रक्त पातळ ठेवते आणि दुष्परिणाम शून्य.

टोकरखाड्याला आमच्या खोल्यांसमोर ओटा होता, तिथे रविवारी सकाळी सभा भरायची. इंग्रजी वाचून सांगायचं आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. माझ्याकडे स्वतःला लावायला पैसे नव्हते, त्यामुळे मी आपला वाचून दाखवणारा. अण्णा होते, आमच्यात सगळ्यात वडील, आदल्याच वर्षी हार्ट अटॅकमधून उठलेले. डॉक्टरांनी त्यांना रोज पाव गोळी डिस्प्रिन पाण्यात विरघळवून घ्यायला सांगितली होती. मास्तर होते, शाळेत गणित शिकवायचे. एक कंपाउंडर काका होते. आणि एक वायरमन, तो कमी बोलायचा.

मास्तर इश्यूच्या बाजूने. त्यांचं म्हणणं, "अण्णांनाच विचारा, पोटात आग होते की नाही ते! देशात असे किती अण्णा असतील? सगळे हीच कॅप्सूल घेणार. शिवाय टॅक्स माफ." कंपाउंडर काका म्हणायचे, "मास्तर, आग होते हे खरं. पण म्हणून दुसरं औषध खरं कसं?"

तीन रविवार हाच वाद. ॲस्पिरिन चांगली की वाईट. आज मागे वळून बघताना, आणि नंतर जे वाचलं त्यावरून, दोघांचं काय बरोबर होतं ते मांडतो.

ॲस्पिरिनचे दोष खोटे नव्हते. विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप उतरतो, हे एडवर्ड स्टोन या इंग्लंडमधल्या पाद्र्याने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. त्या सालीशी नातं असलेलं सॅलिसिलिक ॲसिड पुढे औषध म्हणून आलं, पण ते पोटाला फार जड जायचं. १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्याचं सौम्य रूप तयार केलं आणि १८९९ मध्ये 'ॲस्पिरिन' हे नाव नोंदवलं गेलं. म्हणजे ही गोळीसुद्धा पोटाला त्रास कमी म्हणूनच बाजारात आली होती! तरी १९३८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून बघितलं, तेव्हा ॲस्पिरिनने आतलं अस्तर लाल होऊन सुजलेलं दिसलं. १९८६ मध्ये अमेरिकेत तापातल्या लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं, कारण मेंदू आणि यकृतावर परिणाम करणाऱ्या राय सिंड्रोमशी तिचा संबंध दिसला होता.

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे डॉक्टर होते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ॲस्पिरिन घातलेलं च्युइंगगम चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांनी पाहिलं. दुसरा कोणी असता तर गोळी वाईट म्हणून सोडून दिली असती. यांनी विचार केला की रक्त गोठू देत नाही, तर हृदयाच्या नळीतली गुठळीही होऊ देणार नाही. १९५० पासून त्यांनी छोट्या वैद्यकीय मासिकांत हे लिहिलं, पण फार कोणी लक्ष दिलं नाही. १९५७ मध्ये ते स्वतः हृदयविकाराने गेले. पुढे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी ॲस्पिरिन काम कसं करते ते दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पक्का पुरावा आला तो १९८८ मध्ये. हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत महिनाभर रोज ॲस्पिरिन दिल्याने पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले.

यातली गोम अशी. ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन आणि त्याच कुळातले पदार्थ तयार होऊ देत नाही. यातलेच काही पोटाच्या अस्तराचं रक्षण करतात आणि त्यातलाच एक बिंबिकांना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटवतो. म्हणजे गुण आणि दोष एकाच कामातून येतात. कंपाउंडर काकांना नोबेल वगैरे माहीत नव्हतं, पण ते जे बोलले ते माझ्या लक्षात आहे : "रक्त खरंच पातळ करत असेल तर जखमेतून जास्त वाहणारच. आणि अजिबात जास्त वाहत नसेल, तर ती पातळ काय करते?" मास्तरांकडे याला उत्तर नव्हतं. पण त्यांनी ऐकलंही नाही, कारण अण्णांचं पोट जळत होतं हे समोर दिसत होतं.

तिसऱ्या रविवारी वायरमन एकच वाक्य बोलला. "त्या प्लॉटवर अजून मीटर नाही." म्हणाला, शेजारच्या शेडमध्ये कामाला गेलो होतो, तिथे चार खांब आणि पाटी आहे, बाकी गवत.

आता बघा, मुंबईच्या आणि अहमदाबादच्या गुंतवणूकदाराला खडोली कुठे ते माहीत नव्हतं. आम्ही तर तिथे सायकलवर जाऊ शकत होतो. तीन रविवार आम्ही जर्मनीतल्या गोळीवर भांडलो आणि जवळचा प्लॉट बघायला कोणी गेलं नाही. फॉर्मला जोडलेल्या संक्षिप्त माहितीपत्रकात जोखमीच्या रकान्यात बारीक अक्षरात छापलंही होतं की यंत्रांची ऑर्डर अजून द्यायची आहे. ते मी वाचून दाखवलं होतं. त्यावर मास्तर म्हणाले, "अरे, म्हणून तर पैसे मागतायत." तेही अगदीच चूक नव्हतं. नव्या कंपनीकडे यंत्रं नसतातच. पण कॅप्सूल चालते याचा पुरावा नाही, यंत्र नाही, वीज नाही. होती ती फक्त दुसऱ्याच्या औषधाची निंदा आणि करमाफी.

मास्तरांनी पैसे भरले. अण्णांनी फंडातून कर्ज काढून भरले. त्यांना अलॉटमेंटही पूर्ण झाली, मागितले तेवढे सगळे शेअर मिळाले. तेव्हा आम्हाला त्याचा आनंद झाला होता. चांगल्या इश्यूत कधी सगळे मिळत नाहीत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. लिस्टिंग दहा रुपयांच्या खालीच झालं. एक वार्षिक अहवाल आला. पुढच्या वर्षी पाठवलेलं पत्र 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत आलं.

पैसे गेले ते गेले, पण त्याहून वाईट गोष्ट टळली ती काकूंमुळे. या सगळ्या चर्चेत अण्णांनी डिस्प्रिन बंद करून टाकली होती, कोणाला न सांगता. ॲस्पिरिनची एवढी वाईट कीर्ती ऐकल्यावर कोण घेईल? काकूंनी पाहिलं की गोळ्यांची पट्टी पंधरा दिवस तशीच आहे. त्या सरळ कंपाउंडर काकांकडे गेल्या, काकांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी अण्णांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाने ही गोळी मनाने बंद करायची नसते, जेवणानंतर घ्या, त्रास झाला तर मला सांगा, म्हणाले. पुढे काही वर्षांनी अण्णांना खरंच पोटातून रक्तस्राव झाला. काळी शौच झाली, दवाखान्यात ठेवावं लागलं. मग ॲसिड कमी करणारं औषध जोडीला दिलं आणि गोळी चालू राहिली. अण्णा त्यानंतरही बरीच वर्षं आपल्यात होते.

या गोष्टीचे पुढचे अध्याय जगात घडत राहिले. पोटाला त्रास न देणारी वेदनाशामक गोळी म्हणून मर्क कंपनीची व्हायॉक्स आली आणि जगभर खपली. तिने हृदयविकाराचा धोका वाढतो हे दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने ती मागे घेतली. एका दिवसात मर्कचा शेअर सुमारे २७ टक्के पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातही त्या औषधावर बंदी आली. पोट वाचलं म्हणजे माणूस वाचला असं नाही, हे तिथल्या मोठमोठ्या गुंतवणूकदारांनाही तेव्हाच कळलं.

आणि ॲस्पिरिनचंही पुन्हा मोजमाप झालं. २०१८ मध्ये १९,११४ निरोगी वयस्कर लोकांवरच्या अभ्यासात दिसलं की हृदयविकार नसलेल्यांनी उगाच रोज ॲस्पिरिन घेतली तर फायदा दिसत नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढतात. म्हणजे अण्णांना जी हवी होती, तीच मास्तरांना नको होती. गोळी एकच. म्हणून कृपया ही पोस्ट वाचून कोणी गोळी सुरूही करू नका आणि बंदही करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडचे नियमही बदलले. बुडालेल्या नव्हे, अक्षरशः गायब झालेल्या दोनशेवर कंपन्यांची यादी सरकार आणि सेबीने मिळून केली. आरोग्यवर्धक कॅप्सूलसाठी २०१६ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि आता अशा डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाचं इंग्रजी वाक्य छापावं लागतं. ते वाक्य त्या वेळी असतं, तर आमच्या ओट्यावरचा वाद पहिल्याच रविवारी संपला असता.

काकूंनी ती सर्टिफिकेटं बरेच दिवस कपाटात जपून ठेवली होती. आता कुठे आहेत ते विचारायला हवं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातले सेलवासच्या पत्त्याचे शेअर, फॉर्म किंवा मसाट-खडोलीचे जुने फोटो असतील तर कॉमेंटमध्ये जरूर टाका. आपल्या गावचा हा इतिहास कोणत्याच पुस्तकात नाही, तो आपल्या ट्रंकांमध्येच पडून आहे.