मर्यादेपलीकडचा आकडा आणि युनिट टेस्टचा जन्म

२० सप्टेंबर १९९३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'पीएसएलव्ही'चे पहिले उड्डाण झाले. वसंत गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असताना, १९८२ मध्ये, मंजूर झालेला हा प्रकल्प अकरा वर्षांनी प्रक्षेपणतळावर उभा राहिला होता. परंतु आयआरएस-१ई हा उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. दुसरा टप्पा विलग होताना यानाला अनपेक्षित मोठा हिसका बसला. आणि तो सावरण्याचे काम ज्या संगणकीय आज्ञावलीकडे होते, तिच्यातच एक चूक दडलेली होती. नियंत्रणाची आज्ञा ठरावीक कमाल मूल्याच्या पलीकडे गेली, तरच ती चूक प्रकट होत असे. उड्डाण सुरळीत झाले असते, तर ती तशीच झाकलेली राहिली असती.

नेहमीचे आकडे देऊन प्रोग्राम चालवून पाहणे सोपे असते. मर्यादेबाहेरचा आकडा मुद्दाम द्यायचा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तो पुन्हा द्यायचा, हे मात्र माणसाच्या चिकाटीवर सोडून चालत नाही.

१५ ऑक्टोबर १९९४ रोजी 'पीएसएलव्ही'चे दुसरे उड्डाण यशस्वी झाले. त्याच महिन्यात, या घटनेशी कसलाही संबंध नसताना, अमेरिकेत केंट बेक यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. स्मॉलटॉक या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेसाठी त्यांनी चाचणीची एक चौकट मांडली होती; पुढे ती 'एसयुनिट' म्हणून ओळखली गेली. तिची युक्ती साधी होती: चाचणी हाही एक ऑब्जेक्टच. 'सेटअप' त्याच्यासाठी कोरी सामग्री मांडतो, मग एकच तपासणी होते, आणि शेवटी 'टीअरडाउन' सारे आवरून ठेवतो. त्यामुळे एका चाचणीचा पसारा दुसरीच्या वाट्याला येत नाही. अनेक चाचण्यांचा संच एका आज्ञेत चालतो. एक चाचणी फसली तरी बाकीच्या थांबत नाहीत. उत्तर चुकले की प्रोग्रामच मध्ये कोलमडला, याचीही वेगवेगळी नोंद होते. विद्यार्थी हा भेद बहुधा नजरेआड करतात. वस्तुतः दोष शोधण्याचे निम्मे काम त्यातच झालेले असते.

४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान-५' उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत भरकटून नष्ट झाले. येथेही मोठा आकडा सोळा बिटांच्या जागेत मावला नव्हता. ती आज्ञावली 'एरियान-४'वर विनातक्रार चाललेली होती. नव्या यानाच्या मार्गाचे आकडे देऊन ती तपासली गेली नव्हती. चाचण्या आपोआप चालवणारी चौकट असली, तरी न सुचलेला आकडा ती स्वतःहून देत नाही.

१९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी शेजारी बसून तीच कल्पना जावा भाषेत उतरवली, ती 'जेयुनिट'. २००१ मध्ये स्टीव्ह पर्सेल यांनी लिहिलेली तिची पायथन आवृत्ती त्या भाषेच्या २.१ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आली. 'सेटअप' आणि 'टीअरडाउन' ही नावे तिच्यात आजही तशीच आहेत.