जुन्या वादाला नवी साक्ष

इ. स. १८३० च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या विज्ञान-अकादमींत दोन प्राणिशास्त्रज्ञांचा जो वाद जुंपला, त्यांत क्यूव्हिए जिंकला व जॉफ्र्वा सेंत इलेर हरला, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें. दोघे एके काळचे स्नेही. प्राणिसृष्टीच्या चार मूळ शाखा असून त्यांस सांधणारा दुवा नाहीं, हें क्यूव्हिएचें मत. उलट, सर्व प्राणी एकाच आराखड्यावर रचले आहेत, असा जॉफ्र्वाचा आग्रह. अवयवाचा आकार बदलेल, कार्यही बदलेल. परंतु शेजारच्या अवयवांशीं त्याचा संबंध सहसा ढळत नाहीं. म्हणून त्याची ओळख संबंधावरून पटवावी, असें तो म्हणे. शेवंडीची मज्जारज्जु पोटाकडे, आपली पाठीकडे. पण शेवंड उताणी केली कीं अवयवांचा क्रम जुळतो, हें त्यानें १८२२ सालींच मांडलें होतें.

यावर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं साक्ष निघाली ती जनुकांची. पिकल्या फळांवर बसणाऱ्या माशीच्या गर्भांत पाठीच्या बाजूस 'डीपीपी' हें प्रथिन असतें. पोटाकडचें 'सॉग' त्यास अडवितें, आणि जेथें तें अडविलें जातें तेथें मज्जासंस्था घडते. १९९४ सालीं बेडकाच्या गर्भांत 'कॉर्डिन' सांपडलें. तें 'सॉग'चें भावंड. आणि तें ज्यास अडवितें तें 'बीएमपी-४' हें 'डीपीपी'चें भावंड. अडविणाऱ्यास तोडणारें 'टोलॉइड' कुळांतील प्रथिनही दोन्हींकडे आहे. म्हणजे एखादें सुटें जनुक नव्हे, तर परस्परसंबंधांचें जाळेंच सारखें. फक्त पाठ-पोट उलटें. १९९५ सालीं एकाच्या जनुकाचा संदेश दुसऱ्याच्या गर्भांत सोडून पाहिला, तों तेथेंही त्यानें आपलें काम केलें. पुढल्याच वर्षीं डी रॉबर्टिस व सासाई यांनीं जॉफ्र्वाची कल्पना उघडपणें पुन्हा पुढें आणली.

म्हणून जॉफ्र्वाचें सर्वच खरें ठरलें, असें नव्हे. माखली म्हणजे मागें वांकविलेला पृष्ठवंशी प्राणी, ही ज्या तुलनेवरून १८३० चा वाद पेटला ती ओढाताणीचीच होती, व क्यूव्हिएनें तिचें वैगुण्य अचूक दाखविलें. शिवाय साम्य कां असावें, याचें पटण्याजोगें कारण जॉफ्र्वापाशीं नव्हतें. समान वंशाचें तें कारण १८५९ मध्यें डार्विननें दिलें. माशी व बेडूक यांचा समाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही जुना आहे.

परंतु संबंधांवरून ओळख पटविण्याचा जॉफ्र्वाचा नियम आज जनुकांच्या जाळ्यांस लावला जात आहे. सभेंत हरलेल्या पक्षाचीं टिपणें जपून ठेवावीं, तीं याच कारणासाठीं.