हिंगण्याचें विद्यापीठ

पुण्यास विद्यापीठ केव्हां आलें, असा प्रश्न मी शाळेंत असतांना वरच्या वर्गांतील मुलांना मुद्दाम विचारीत असें. बहुतेक मुलें १९४९ हें साल सांगत. एखादा चौकस मुलगा टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचें नांव काढी व १९२१ हें साल पुढें करी. दोन्ही उत्तरें बरोबर होतीं, आणि दोन्ही अपुरीं होतीं. कारण त्याच्याही आधीं, म्हणजे १९१६ सालीं, शहरापासून चार मैलांवर, मुठेच्या पलीकडच्या हिंगणे बुद्रुक या खेड्यांत एक विद्यापीठ सुरू झालें होतें. त्याला सरकारची सनद नव्हती, भव्य इमारत नव्हती, आणि महाविद्यालयाच्या वर्गांत विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच. आज त्या खेड्याचें नांव कर्वेनगर झालें आहे आणि तेथें पोंचविणारा रस्ताही कर्व्यांच्याच नांवाचा आहे. पण त्या रस्त्यानें रोज जाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना ही हकीकत ठाऊक असते.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. तेव्हां विद्यापीठांविषयीं बोलण्याचा मला अधिकार काय, असें कोणीं विचारल्यास माझ्यापाशीं उत्तर नाहीं. इतकेंच सांगतों कीं, आमच्या घरांत या विद्यापीठाची एक पदवी होती. ती माझ्या आत्याबाईंची. त्या पदवीला बाहेरच्या जगांत काय किंमत मिळाली, तें मीं त्यांच्याच तोंडून ऐकलें आहे, आणि आजचें भाषण करावें असें वाटलें तें त्यामुळेंच.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच्या परीक्षांचें दार स्त्रियांना उघडलें तें १८८३ सालीं, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या तें १८८७ सालीं. दार उघडलें खरें, पण त्यांतून आंत जाणाऱ्या मुली किती होत्या ? घरीं मराठी, शाळेंत इंग्रजी. बाराव्या-तेराव्या वर्षीं लग्न. आणि दुर्दैवानें वैधव्य आलें तर पुढचें सारें आयुष्य स्वयंपाकघराच्या अंधारांत. अशा मुलीनें इतिहास इंग्रजींतून शिकावा, भूमिती इंग्रजींतून सोडवावी, आणि तेंही मुलांच्या बरोबरीनें तितक्याच वर्षांत, ही अट घालणाराला ती अट आहे असेंही वाटत नव्हतें.

धोंडो केशव कर्वे यांना मात्र तें वाटत होतें. आपणां सर्वांना त्यांचें नांव परिचयाचें आहे. म्हणून त्यांचें चरित्र मी सांगत बसत नाहीं. परंतु एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मुरुडचा हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठीं घाटवाटा तुडवीत पायीं साताऱ्यास गेला. तेथें परीक्षकांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून त्याला परत लावून दिलें. वय खरें होतें, पण अंगकाठी लहान ! ज्याला एकदां केवळ दिसण्यावरून परीक्षेच्या दारांतून परत यावें लागलें, त्याला पुढें आयुष्यभर दाराबाहेर उभ्या असलेल्यांची आठवण राहिली, असा माझा आपला तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

१८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला. या बाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास सहा एकर जमीन व झोपडीसाठीं ७५० रुपये दिले, आणि १९०० सालीं आश्रम तेथें गेला. तेव्हां हिंगण्यास धड रस्ता नव्हता. कॉलेजांतील तास संपले कीं प्रोफेसरसाहेब आश्रमाच्या सामानाचें ओझें खांद्यावर घेऊन पायीं हिंगण्यास जात आणि दुसऱ्या दिवशीं पायींच परत येत. १९०७ सालीं महिला विद्यालय झालें. असा हा कारभार पंधरा-वीस वर्षें चालल्यावर, जेव्हां माणूस विसांव्याचा विचार करतो त्या वयांत, कर्व्यांनीं विद्यापीठाचा घाट घातला.

त्याचें निमित्तही मोठें मौजेचें आहे. १९१५ सालीं त्यांना टपालानें एक छोटी पुस्तिका आली. टोकियो येथें नारुसे यांनीं १९०१ सालीं काढलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती तींत होती. कर्व्यांनीं ती चाळली आणि बाजूस ठेवली. पुढें त्याच वर्षीं मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. भाषणांत काय बोलावें या विवंचनेंत असतां ती पुस्तिका त्यांना आठवली. डिसेंबरांत त्यांनीं कल्पना मांडली आणि पुढच्या जुलैंत वर्ग सुरू झाले. आपल्याकडे समितीची नेमणूक व्हावयासही याहून अधिक काळ लागतो. त्या वेळीं कर्व्यांचें वय अठ्ठावन्न होतें.

या विद्यापीठाचे पहिले कुलपति डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि पहिले कुलगुरु रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या अगदीं पहिल्या पदवीधरांपैकीं एक आणि पुढें त्याच विद्यापीठाचे कुलगुरु झालेले. परांजपे हे केंब्रिजचे सीनियर रँग्लर. इंग्रजी विद्येचें सर्वांत पिकलेलें फळ म्हणावें अशीं हीं दोन माणसें एका खेड्यांतल्या, मराठींतून शिकविणाऱ्या, सनद नसलेल्या विद्यापीठाच्या शिरोभागीं बसलीं. त्यांना त्यांत कमीपणा वाटला नाहीं. तो वाटला तो इतरांना.

कर्व्यांचा मुख्य आग्रह दोन गोष्टींचा होता. पहिली गोष्ट, शिक्षण मातृभाषेंतून. इंग्रजी हा विषय राहील, पण इतर विषय त्या भाषेंतून शिकविले जाणार नाहींत. गांधीजींचा या संस्थेस पाठिंबा होता, परंतु इंग्रजी हा विषय सक्तीचा नसावा असें त्यांचें मत होतें. कर्वे तेथें नमले नाहींत. मुलींना जगाची खिडकी बंद करणें त्यांना मान्य नव्हतें. एकीकडून इंग्रजी कमी झालें म्हणून टीका, दुसरीकडून तें उरलें म्हणून टीका, अशा कात्रींत ते सांपडले. मला वाटतें कीं त्यांचाच मार्ग बरोबर होता. हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचें म्हणून आपण वाखाणतों, आणि तें योग्यच आहे. पण तें १९१८ सालीं निघालें, आणि त्याच्या पाठीशीं निजामाचा खजिना व भाषांतराचें स्वतंत्र खातें होतें. हिंगण्यास त्याच्या दोन वर्षें आधीं हा प्रयोग सुरू झाला, आणि तेथें भाषांतराचें खातें म्हणजे रात्रीं कंदिलापाशीं बसून उद्यांच्या तासाची टिपणें मराठींत उतरून काढणारा शिक्षकच. ज्यानें कधीं शिकविण्याचा धंदा केला आहे त्यालाच त्या रात्रींची लांबी कळेल.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. गृहजीवनशास्त्र, आरोग्य यांसारखे विषय मुलींसाठीं मुद्दाम ठेवण्यांत आले. यावर त्या वेळीं झालेली टीका मला अगदींच निराधार वाटत नाहीं. स्त्रियांना वेगळा अभ्यास दिला कीं तो हलका मानला जाणार, आणि घर सांभाळणें हेंच त्यांचें काम असें पुन्हां एकवार शिक्कामोर्तब होणार, हें भय खरें होतें. कर्व्यांचें म्हणणें असें कीं, ज्यांना मुलांच्या बरोबरीनें जुन्या विद्यापीठांत जावयाचें आहे त्यांनीं खुशाल जावें. हा रस्ता ज्यांना तें शक्य नाहीं त्यांच्यासाठीं आहे. आज मागें वळून पाहतां टीकाकारांचें भय आणि कर्व्यांचा हिशेब हे दोन्ही खरे ठरले असें म्हणावें लागतें.

पदव्यांचीं नांवें मात्र फार सुरेख ठेविलीं होतीं. बी. ए. च्या जागीं ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनें विद्या ग्रहण केली आहे ती, आणि एम्. ए. च्या जागीं ‘प्रदेयागमा’. इंग्रजींतील ‘बॅचलर’ या शब्दाचा एक अर्थ अविवाहित पुरुष असा होतो, आणि तो शब्द दोन मुलांच्या आईच्या नांवापुढें निःशंकपणें लावला जातो. त्या मानानें आमचा शब्द निदान व्याकरणाला तरी धरून होता. पण बाजारांत व्याकरणाला किंमत नसते, तें पुढें सांगतों.

पैशाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. कर्वे हिंदुस्थानभर वर्गणीसाठीं हिंडले. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, ज्यांना आरंभीं इंग्रजी बोलतांही येत नव्हतें, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं दिवस काढले आणि संस्थेसाठीं हात पसरला. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. तेव्हांपासून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें नांव विद्यापीठास लागलें. या देणगीनें विद्यापीठ तरलें, पण त्याचा ओढा मुंबईकडे झाला. १९३६ सालीं मुख्य ठाणें मुंबईस गेलें. पुणेकरांनीं त्याबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त केली. हळहळणाऱ्यांपैकीं वर्गणीदार किती होते, हा प्रश्न मी येथें विचारीत नाहीं. कर्वे मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९२९ सालीं, युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले. जर्मनींत या निवृत्त गणितशिक्षकाची आइन्स्टाइनशीं गांठ पडली. पुढें ते आफ्रिकेसही जाऊन आले. हेतु सर्वत्र एकच : विद्यापीठाची ओळख आणि वर्गणी.

आणि इतकें करूनही मान्यता नव्हती. सरकारच्या लेखीं हें विद्यापीठ नव्हतेंच. १९१६ पासून १९५१ पर्यंत पसतीस वर्षें मुली येत राहिल्या, परीक्षा देत राहिल्या, आणि हातीं असें प्रमाणपत्र घेऊन जात राहिल्या कीं ज्याचा नोकरीच्या बाजारांत भरंवसा नव्हता. मुलीचा बाप विचारी, “या पदवीचा उपयोग काय ?” प्रश्न रोखठोक होता, आणि त्याला रोखठोक उत्तर देणें कर्व्यांनाही शक्य नव्हतें.

माझ्या आत्याबाई १९४२ च्या सुमारास पुण्याच्या महिला कॉलेजांतून गृहीतागमा झाल्या. माझे आजोबा जुन्या वळणाचे. मुलांत बसून शिकावयाचें नाहीं, एवढ्या एका अटीवर त्यांनीं परवानगी दिली होती. दुसरें कोणतेंही कॉलेज त्यांनीं चालूं दिलें नसतें. पदवी घेऊन आत्याबाई एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत नोकरीसाठीं गेल्या. तेथील मुख्याध्यापकांनीं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलें आणि ते म्हणाले, “बाई, ही पदवी आमच्या यादींत नाहीं.” जागा त्यांना मिळाली, पण पदवी नसलेल्या शिक्षकाच्या वेतनावर. शेजारच्या वर्गावर मुंबईची बी. ए. झालेले एक तरुण गृहस्थ होते. त्यांना मराठींतून भूमिती समजावून सांगतां येईना, म्हणून तो तास आत्याबाईंकडे आला. वेतन मात्र ज्याचें त्याच्याकडेच राहिलें. ही हकीकत त्या हंसत हंसत सांगत. लहानपणीं मलाही तींत हंसूंच येई. पुढें मी स्वतः वेतनपत्रकावर सही करूं लागलों, तेव्हां तें हंसूं गेलें.

ज्या टोकियोच्या विद्यापीठावरून ही कल्पना सुचली, त्याची गोष्टही अशीच आहे. नांव विद्यापीठाचें असलें तरी तेथील कायद्यानें त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८ सालीं. आपल्याकडे १९४९ सालीं कायदा झाला आणि १९५१ मध्यें तो अमलांत आला. सर विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई ठाकरसी या नव्या व्यवस्थेंतील पहिल्या कुलगुरु झाल्या. अण्णासाहेब कर्वे तेव्हां त्र्याण्णव वर्षांचे होते. पुढें १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न मिळालें, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं त्यांचा अंत झाला. एखाद्या माणसानें आपल्या संस्थेला मान्यता मिळेपर्यंत जगण्याचाच निश्चय केला असावा, असें त्यांच्या आयुष्याचीं वर्षें मोजतांना वाटतें.

आत्याबाईंचें प्रमाणपत्र आतां माझ्याकडे आहे. कागद पिंवळा पडला असून घडीवर फाटला आहे. १९५१ नंतर तुम्हीं वेतनवाढीसाठीं अर्ज केला होता का, असें मीं त्यांना एकदां विचारलें होतें. केला नाहीं, असें त्या म्हणाल्या. त्या वर्षीं प्रथमच त्यांच्या वर्गांत सत्तेचाळीस मुली आल्या होत्या, बांकें पुरत नव्हतीं, आणि अर्ज बांकांसाठीं करावयाचा होता.