घरगुती चित्रफितींचे संपादन : पाठपरंपरेच्या दृष्टीने एक विचार
(वसई-विरार परिसरातील बोलींच्या विशेष संदर्भात)

१

इतिहासाची साधने कोणती, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते. बखरी, दानपत्रे, दप्तरे आणि पोथ्या यांच्या पंक्तीस विसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवे साधन येऊन बसले. ते म्हणजे घरगुती चित्रफीत होय. लग्न, बाप्तिस्मा, मुंज, गावचा सण अशा प्रसंगी कॅमकॉर्डरने घेतलेली ही चित्रणे कोणी इतिहास लिहिण्यासाठी घेतली नव्हती, आणि त्यांचे मोल वाढते ते नेमके याच कारणाने. जी भाषा माणूस प्रश्नावलीपुढे बसून बोलत नाही, ती तो मांडवात बोलतो.

वसई-विरार पट्ट्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल, वाघोली या गावांतील सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची सामवेदी अथवा कादोडी बोली, त्याचप्रमाणे या किनारपट्टीवरील वाडवळी ही बोली, या दोहोंचा संसार मुख्यत्वे बोलण्यात आणि गाण्यात आहे. त्यांच्यातील लेखन त्या मानाने अलीकडचे आणि थोडे. २००९ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. एवढ्या मोठ्या वस्तीत या बोली बोलणारे अल्पसंख्य ठरणे ओघानेच आले. अशा स्थितीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजीच्या तोंडचे चार वाक्यांचे बोलणे सापडले, तर अभ्यासकाच्या दृष्टीने तो अस्सल कागदच होय.

परंतु घरोघरी आज जे पाहिले जाते ते बहुधा मूळ कॅसेटवरील चित्रण नव्हे. ती असते त्यावरून ‘मिक्सिंग’ करून तयार केलेली डीव्हीडी. प्रश्न असा की, मूळ चित्रण आणि ही तबकडी यांचे परस्परनाते काय? पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यास हा प्रश्न अपरिचित नाही. मूळ प्रत, तिची नक्कल आणि संपादकाने सिद्ध केलेला पाठ यांतील भेद तो जाणतो. तोच भेद येथे लावून पाहावयाचा आहे.

२

संपादित पाठ लोकप्रिय झाला म्हणजे त्याच्या मागील पाठ मावळू लागतात, हा मराठी वाङ्मयेतिहासातील परिचित अनुभव आहे. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पाठभेदांनी अशुद्ध झालेल्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. त्या कार्याचे उपकार अमाप आहेत. तथापि एकनाथपूर्व प्रतीचा शोध त्यामुळेच अवघड झाला. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या एका हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. पण ते हस्तलिखित पुढे उपलब्ध राहिले नाही. परिणामी छापील पाठ हाती आहे, पडताळा पाहण्याचे साधन मात्र नाही. मुद्रित आवृत्ती कितीही साक्षेपाने काढलेली असो, ती मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही, हा यातील धडा.

चलच्चित्रांच्या क्षेत्रातही हेच घडले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. हा मान आता केवळ नोंदींवरून द्यावा लागतो, कारण ती चित्रणे आज उपलब्ध नाहीत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच मागे राहिली. तीही त्याच कथेवर फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या ग्रंथाविषयीच पाठनिश्चितीचा वाद उभा राहावा, ही गोष्ट बोलकी आहे. सार्वजनिक कृतीची ही अवस्था, तर खाजगी कॅसेटीची काय कथा?

३

फाळक्यांच्या काळी संपादन म्हणजे प्रत्यक्ष कात्री चालविणे होते. फिल्मवरील चित्र डोळ्यांस दिसे. नको तो तुकडा कापून उरलेली टोके चिकटविता येत. चुंबकीय फितीवर चित्र दिसत नाही, आणि तिची कापाकापी घरगुती यंत्रावर करता येत नाही. म्हणून व्हीएचएस कॅसेटचे संपादन म्हणजे नक्कल. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट चालवावयाची आणि दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घ्यावयाचा. या पद्धतीचे दोन परिणाम ध्यानात घ्यावेत. पहिला असा की, दर नकलेगणिक चित्र फिके व कडा अस्पष्ट होत जातात. तिसऱ्या पिढीची प्रत पाहताना डोळ्यांना त्रास होतो. दुसरा असा की, उतरविलेल्या भागांच्या मध्येच एखादा नवा प्रसंग घालावयाचा झाल्यास त्यापुढील सर्व काम पुन्हा करावे लागते. लेखनिकाने पान मधून सुटल्याचे ध्यानी येताच पुढील सर्व पाने पुन्हा लिहावी, तसेच हे.

या कष्टसाध्य कलेचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण वसईचे नसून नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे आहे. तेथील व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून निरनिराळ्या चित्रपटांचे तुकडे एकत्र करता करता संपादनाचे पहिले धडे घेतले, आणि २००० साली साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ तयार केला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटामुळे हा उद्योग बाहेरच्या जगास ठाऊक झाला. २०२४ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापटही त्यावर निघाला. या विडंबनपटांचा विनोद गावच्या लकबीवर आणि गावच्या बोलण्यावर उभा आहे. म्हणजे मालेगावात नवशिक्याच्या संपादनाने स्थानिक वाणीला पडदा मिळवून दिला. लग्नाच्या चित्रणाच्या संपादनाने मात्र बहुतेक ठिकाणी याच्या उलट केले. ते कसे, हे पाहण्यापूर्वी तबकडीची रचना समजून घेतली पाहिजे.

४

१९९५ मध्ये डीव्ही ही अंकीय चित्रणाची पद्धत आली आणि नकलेतील झीज संपली. लहान मिनीडीव्ही कॅसेटवर चित्र अंकांच्या रूपाने साठविले जाई, आणि फायरवायर नावाच्या तारेने ते जसेच्या तसे संगणकात उतरे. एक तासाची कॅसेट उतरविण्यास एक तासच लागे व संगणकावर सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापली जाई. १९९९ मध्ये आयमूव्ही आणि २००० मध्ये विंडोज मूव्ही मेकर या प्रणाली निघाल्या, तेव्हा घरच्या संगणकावर प्रसंग मागेपुढे करणे, मधला भाग गाळणे, नवा भाग घालणे ही कामे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मूळ अंक न बदलता केवळ ‘येथून येथपर्यंत’ एवढी नोंद ठेवून संपादन करता येऊ लागले. पोथीला हात न लावता समासात टीप लिहिण्याचीच ही सोय होय.

डीव्हीडीचे तंत्र मात्र निराळे आहे. साध्या तबकडीवर ४.७ गिगाबाइट एवढेच मावते. तेरांचे साडेचारात बसवावयाचे, तर काही टाकावे लागणारच. डीव्ही कॅसेटवर सेकंदाच्या पंचवीसही चौकटी आपापल्या परीने पूर्ण असतात. डीव्हीडीवर साधारणतः बारा ते पंधरा चौकटींमागे एकच पूर्ण चित्र असते, आणि मधल्या चौकटींत केवळ आधीच्या वा पुढच्या चित्राहून काय बदलले एवढीच नोंद असते. त्यामुळे डीव्हीडीवरून पुन्हा संपादन करू गेल्यास हवे तेथे छेद घेणे कठीण पडते, आणि पुन्हा दाबून बसविताना चित्राची आणखी हानी होते. म्हणून नवशिक्यास पहिला नियम सांगितला जातो तो असा : संपादन आधी, तबकडी शेवटी, आणि तबकडीला मूळ प्रत कधीही समजू नये.

आणखी एक हानी चटकन डोळ्यांत भरत नाही. डीव्ही कॅसेटवर प्रत्येक चौकटीबरोबर चित्रणाची तारीख आणि वेळ गुप्तपणे नोंदविलेली असते. पोथीच्या शेवटी लेखनिक शक, तिथी आणि गाव लिहितो, त्या पुष्पिकेसारखीच ही नोंद. फरक इतकाच की, येथे ती ओळीओळीला आहे. तबकडी तयार होताना ही पुष्पिका गळून पडते. चित्रण कोणत्या दिवशी झाले हे मग कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणावर अवलंबून राहते.

५

बोलींच्या अभ्यासकाला खरा धक्का बसतो तो ध्वनीच्या बाबतीत. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये चित्रपटगीत घालण्याची रूढी इतकी सार्वत्रिक झाली की, वराडाचे बोलणे, बायकांची गाणी, भटजींचा वा पाद्रींचा आवाज हे सारे ‘गोंगाट’ म्हणून काढून टाकण्यात येऊ लागले. कुटुंबाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. मांडवातील ध्वनी कर्कश असतो, आणि पाहुण्यांना दाखविण्यासाठी गाणे बरे वाटते. शूटिंगवाल्याचा हेतू पोथी सुंदर करण्याचाच होता. पण कादोडीतील लग्नगीत ज्या क्षणी चालू होते, नेमक्या त्याच क्षणी त्यावर हिंदी गीत चढविले गेले असेल, तर पडद्यावर ओठ हलताना दिसतात आणि शब्द कायमचे गेलेले असतात.

कायमचे म्हणताना मात्र थोडे थांबावे. काही व्हीएचएस यंत्रांत ध्वनी दोन ठिकाणी नोंदविला जाई : फितीच्या कडेच्या साध्या पट्टीवर, आणि चित्राच्या खालील थरात हायफाय पद्धतीने. मागाहून गाणे घातले की ते कडेच्या पट्टीवर जाई. खालच्या थरातील मूळ ध्वनी तसाच राही. मिनीडीव्हीतही बारा बिटांच्या पद्धतीत चार ध्वनिमार्ग असत, आणि नवे गाणे दुसऱ्या जोडीवर घालता येई. म्हणजे खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्राप्रमाणे जुना पाठ नव्याखाली दडलेला असू शकतो. गाणे चढविलेली जुनी कॅसेट हाती आल्यास योग्य यंत्रावर तिचे दोन्ही ध्वनिमार्ग ऐकून पाहिल्याखेरीज ती निरुपयोगी ठरवू नये.

ज्या तबकडीमुळे ही हानी झाली असे वाटते, त्या तबकडीतच हानी टाळण्याची पुरेपूर सोय होती, ही यातील खेदाची गोष्ट. डीव्हीडीच्या रचनेत एकाच चित्राला आठपर्यंत ध्वनिपट आणि बत्तीसपर्यंत उपशीर्षकमाला जोडता येतात. एका ध्वनिपटावर गाणे, दुसऱ्यावर मांडवातील मूळ आवाज, आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ, अशी तबकडी सहज होऊ शकली असती. उपशीर्षके तेथे चित्ररूपाने साठविली जात असल्याने देवनागरीचीही अडचण नव्हती. पाठभेद आणि टीपा यांसह चिकित्सक आवृत्ती काढावी, तसेच हे झाले असते. परंतु नवशिक्यांसाठी केलेल्या सोप्या प्रणालींत ही सोय सहसा नसे. आणि असली तरी दुसरा ध्वनिपट ऐकण्याजोगा आहे, असे वाटावयास आपली बोली जपण्याजोगी आहे असे आधी वाटावे लागते. उणीव साधनाची थोडी आणि दृष्टीची अधिक होती.

६

या विवेचनातून आजच्या कामासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. कॅसेटींना वेळ फार उरलेला नाही. वसईची हवा दमट आणि खारी आहे. अशा हवेत फितीवर बुरशी चढते आणि चुंबकीय थर सुटू लागतो. व्हीसीआरचे उत्पादन जगात २०१६ मध्ये थांबले, म्हणजे कॅसेट धड असली तरी ती वाचणारे यंत्र मिळणे दिवसेंदिवस कठीण. घरी जाळलेल्या डीव्हीडीतील सेंद्रिय रंगद्रव्यही उष्णतेने व प्रकाशाने विटते, म्हणून तबकडीवर विसंबून कॅसेट टाकून देणे हा दुहेरी तोटा आहे.

कामाचा क्रम असा असावा. प्रथम मूळ कॅसेट काहीही न गाळता संगणकात उतरवावी. अंधुक, हललेले, रिकामे भागदेखील ठेवावे, कारण कॅमेरा जमिनीकडे रोखलेला असतानाच मागे कोणी मोकळेपणाने बोललेले असते. या उताऱ्याच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्या. प्रसंग, गाव, वर्ष आणि बोलणाऱ्यांची बोली यांची लेखी नोंद तिच्याबरोबर असावी. कॅसेटवरील तारीख दिसत असेल तोवरच टिपून घ्यावी. त्यानंतर संपादन खुशाल करावे, गाणी घालावी, घरच्यांना आवडेल अशी तबकडी काढावी. ती वाचनाची प्रत होय. दप्तरातील प्रत ती नव्हे.

सर्वांत निकडीचे काम यंत्राचे नाही. त्या चित्रणातील गाणी आणि बोलणे ज्यांना समजते ती माणसे आज वयोवृद्ध आहेत. फीत वाचली आणि ती समजावून सांगणारे गेले, तर अभ्यासकाच्या हाती अक्षरे लागतील, अर्थ लागणार नाही. म्हणून उतरविलेले चित्रण आधी त्यांच्यापुढे लावावे, त्यांना ऐकू द्यावे, आणि ते जे सांगतील ते लिहून घ्यावे.