इंजिनाची शक्ती आणि इंधनाची वाट : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

दक्षिण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाविषयी लिहिताना अभ्यासक कारखान्यांची स्थापना, संस्थापकांचे कर्तृत्व आणि इंजिनांची अश्वशक्ती यांची नोंद आवर्जून घेतात. टाकीपासून सिलिंडरपर्यंत इंधन वाहून नेणारी व्यवस्था मात्र या लेखनात जवळजवळ अदृश्य राहिली आहे. वस्तुतः इंजिन किती शक्ती देणार हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. शक्ती वाढवायची तर सिलिंडरमध्ये अधिक हवा आणि त्या हवेच्या प्रमाणात अधिक इंधन पोहोचावे लागते. पंप, नळी किंवा नोझल अपुरे पडले तर मोठ्या सिलिंडरचाही उपयोग होत नाही. इंधनाचा प्रकार बदलला तर हे सारे गणित नव्याने मांडावे लागते. सातारा-सांगली परिसरात ही वेळ एकाहून अधिक वेळा आली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी २००१ मधील मिरजेच्या प्रयोगाचा विशेष विचार केला आहे.

सातारा रोडचे डिझेल इंजिन

धनजीशहा कूपर यांचे नाव राजकीय इतिहासात १९३७ मधील मुंबई प्रांताचे अल्पकाळचे पंतप्रधान म्हणून येते. त्यांनी १९२२ मध्ये कोरेगाव तालुक्यातील सातारा रोड येथे कूपर इंजिनिअरिंग हा कारखाना उभारला. प्रारंभी तेथे लोखंडी नांगरांसारखी शेतीची अवजारे तयार होत. १९३०च्या दशकात याच कारखान्यात डिझेल इंजिन तयार झाले आणि भारतातील पहिले डिझेल इंजिन म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढे हा कारखाना वालचंद उद्योगसमूहाकडे गेला.

नांगराचा फाळ ओतणे आणि डिझेल इंजिन घडवणे यांत मोठे अंतर आहे. डिझेल इंजिनात हवा अडवून शक्ती कमीजास्त केली जात नाही. प्रत्येक आवर्तनात किती इंधन फवारायचे एवढ्यावरच शक्ती ठरते. हे मोजमाप करणाऱ्या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात अवघ्या काही मायक्रॉनची फट चालते. सिलिंडर किंवा गतिचक्र ओतशाळेत घडवता येत असे; इंधनपंप आणि नोझल यांना मात्र वेगळ्याच दर्जाची अचूकता लागे. मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', बंगळुरात स्थापन झाली ती १९५१ मध्ये. पहिले देशी डिझेल इंजिन आणि इंधन-फवारणीच्या भागांचे संघटित देशी उत्पादन यांत म्हणजे जवळपास दोन दशकांचे अंतर राहिले. स्वदेशी इंजिनाचा गौरव करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारगाड्यांवर कोळशापासून वायू तयार करणारी भट्टी बसवण्यात आली. इंजिन तेच राहिले, इंधनाची वाट तेवढी बदलली आणि शक्ती एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटली. खंबाटकी आणि पसरणी घाटांच्या मुलखात ही घट किती जाचक ठरली असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मिरजेचा प्रयोग

पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे तीन पथदर्शी प्रकल्प केंद्र शासनाने २००१ मध्ये हाती घेतले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे होते. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ होता. मिरजेची निवड समजण्याजोगी आहे. सांगलीचा वसंतदादा कारखाना, साखराळ्याचा राजारामबापू कारखाना, रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना असा सहकारी साखर उद्योगाचा पट्टाच तिच्या आसपास पसरला आहे. यात एक ऐतिहासिक योगायोगही दिसतो. ज्या कृष्णाकाठी तेलावरच्या इंजिनांनी विहिरी-नद्यांचे पाणी उपसून ऊस वाढवला, तेथील ऊस आता इंजिनाचे इंधन होऊ पाहत होता.

तथापि इथेनॉलचा स्वभाव पेट्रोलपेक्षा भिन्न आहे. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ किलो. म्हणजे तितक्याच हवेत इथेनॉल अधिक जाळता येते, परंतु तेवढे ते सिलिंडरपर्यंत पोहोचवण्याची सोय असेल तरच. जेट किंवा इंजेक्टर मोठे केले, पंपाची क्षमता वाढवली आणि इथेनॉलच्या उच्च ऑक्टेनचा लाभ घेऊन संपीडन वाढवले, तर शक्ती घटत नाही, उलट वाढू शकते. इंधनव्यवस्था जुनीच ठेवली तर मिश्रण विरळ होते आणि इंजिन रेटा गमावते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि काही प्रकारचे रबर व धातू खराब करते. म्हणूनच साखर कारखान्यांना साधे मद्यार्क चालले नाही, निर्जल इथेनॉलचे वेगळे संयंत्र उभारावे लागले. इंधनव्यवस्थेची सुरुवात गाडीच्या टाकीत नव्हे तर आसवनीत होते, असे म्हणावे लागेल.

पाच टक्क्यांपर्यंत हा फरक इतका अल्प होता की वाहनांच्या रचनेत बदल करण्याची आवश्यकता भासली नाही. त्याच आधारावर १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत मिश्रण लागू झाले. परंतु २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला, पुढे दुष्काळानेही गाठले आणि इथेनॉलचा पुरवठाच अडखळला. ऑक्टोबर २००४ मध्ये सक्ती शिथिल करावी लागली. गाडीची इंधनव्यवस्था सज्ज होती; शेतातली नव्हती.

ब्राझीलशी तुलना

ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोल-इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि १९७९ पासून केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आणल्या. त्यांचे कार्ब्युरेटर गंजरोधक मुलाम्याचे होते, संपीडन वाढवलेले होते आणि थंडीत इंजिन सुरू करण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी दिलेली होती. म्हणजे तेथे इंधन आणि यंत्र दोन्ही एकत्र बदलली. कोणत्याही मिश्रणावर चालणारी मोटारही तेथे २००३ मध्येच आली. त्याच वर्षी आपण पाच टक्क्यांना सुरुवात करत होतो.

आपल्याकडे क्रम उलटा राहिला. दहा टक्क्यांचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच मूळ पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ६ ते ७ टक्के, तर दुचाकींची ३ ते ४ टक्के घटेल असे नमूद होते. २० टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते, हे गणित त्याच्याशी जुळते. या मिश्रणाविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

ऊसउत्पादकाला या धोरणातून मिळालेला आधार नाकारता येत नाही; डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल निर्मितीवर निर्बंध आले तेव्हा सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांत उमटलेली अस्वस्थता त्याचीच साक्ष होती. पण त्याच उत्पादकाच्या दारात मिरजेच्या प्रयोगाच्या काळात घेतलेली कार्ब्युरेटरची दुचाकी उभी असेल, तर तिची रबरी नळी, वॉशर आणि जेट बदलण्याचा खर्च त्याच्याच खिशातून होतो आणि कोणत्याही शासकीय योजनेच्या हिशेबात तो दिसत नाही.