तारेचा कायदा आणि हरकती-सूचना

इंजिनिअरिंगला टेलिकॉमचा पेपर असताना एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही. ज्या मोबाईल नेटवर्कवर आपण पानंच्या पानं खरडतो, ते भारतात १८८५ सालच्या 'इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट'च्या आधारावर उभं होतं! म्हणजे कडकट्ट करणाऱ्या तारेसाठी लिहिलेला कोड, आणि त्यावर एसटीडी बूथ, पेजर, थ्रीजी, फोरजी अशी ठिगळं. ऑफिसात असा प्रकार सापडला की आपण त्याला लेगसी म्हणतो आणि हात लावायला घाबरतो. सरकारचंही तसंच झालं होतं म्हणा ना.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. त्याआधी, २०२२ मध्ये, लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या होत्या. आजचा लेख त्या हरकती-सूचनांबद्दल.

थोडं मागे जाऊ. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ मध्येच सुरू झालं होतं. तीन वर्षांनी कायदा आला. त्याचा गाभा दोन कलमांत होता. कलम ४ : तार उभारायचा आणि चालवायचा हक्क फक्त सरकारचा, बाकीच्यांना लायसन्स. कलम ५ : आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी सरकार निरोप अडवू शकतं, वाचू शकतं. १८५७ अजून साहेबाच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. हा कायदा करणाऱ्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलात निवडून आलेला एकही सभासद नव्हता. माझं गाव माकणी (तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव) तर तेव्हा निजामाच्या संस्थानात. त्यामुळे आमच्या पणजोबांना विचारायचा प्रश्नच नव्हता :-)

१९५० मध्ये राज्यघटना आली, कायदा तोच राहिला. १९९५ मध्ये मोबाईलवरचा पहिला कॉल झाला, कायदा तोच. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद पडली, तरी तारेचा कायदा चालूच! आणि हे फक्त गमतीचं नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कायद्यातल्या कलम ७बी वर बोट ठेवून सांगितलं की टेलिफोन बिलाची तक्रार ग्राहक मंचात नेता येणार नाही. ते चित्र बदलायला फेब्रुवारी २०२२ चा निकाल यावा लागला. फोन टॅपिंगवर निदान काही बंधनं असावीत, हेही १९९६ मध्ये कोर्टानेच सांगितलं.

बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २००१ मध्ये फोन, इंटरनेट आणि प्रसारण एकत्र आणणारं 'कन्व्हर्जन्स' विधेयक लोकसभेत आलं, आणि २००४ मध्ये लोकसभेबरोबर विरून गेलं.

मग लोकांना विचारायची पद्धत खरी कुठे रुजली? ट्रायमध्ये. १९९७ च्या ट्राय कायद्यातच पारदर्शकतेचं बंधन आहे. कन्सल्टेशन पेपर निघतो, लोक उत्तरं पाठवतात, ती वेबसाईटवर लागतात, आणि दुसऱ्याच्या उत्तरावर आपण उत्तर देऊ शकतो. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. (ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट छापले, तो भाग वेगळा!) फेब्रुवारी २०१६ मध्ये निकाल लागला : वेगवेगळ्या साईट्सना वेगवेगळा डेटा दर लावता येणार नाही. विचारलं, लोक बोलले, त्याचा परिणाम दिसला.

आता २०२२. जुलैमध्ये दूरसंचार खात्याने एक कन्सल्टेशन पेपर काढला, २१ सप्टेंबरला विधेयकाचा मसुदा. मुदत आधी २० ऑक्टोबर, मग वाढवत वाढवत १० नोव्हेंबर. मसुद्यात व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवा सरळ सरळ 'दूरसंचार सेवा' म्हणून घातल्या होत्या आणि ट्रायचे अधिकारही कमी केले होते. दोन्हींवर ओरड झाली. २०२३ च्या विधेयकात ट्रायचे अधिकार परत आले आणि ओटीटीचा थेट उल्लेख गेला, जरी व्याख्या पुरेशी ऐसपैस राहिली. म्हणजे हरकतींचा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

पण माझी हरकत पुढे आहे. २०२२ च्या मसुद्यात लिहिलं होतं की कंपनीने ग्राहकाची ओळख 'पडताळता येईल अशा' पद्धतीने पटवावी. २०२३ मध्ये त्याच वाक्यात एक शब्द वाढला : बायोमेट्रिक. आणि हे विधेयक पुन्हा लोकांसमोर ठेवलंच नाही. १८ डिसेंबरला मांडलं, २० ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर. विरोधी बाकांवरचे शंभराहून जास्त खासदार तेव्हा निलंबित होते.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने काय होतं? पुण्यात बसून काहीच होत नाही. आमच्याकडे मात्र रानात राबून बोटांचे ठसे झिजलेली माणसं घरोघर आहेत. माझ्या आजीचा अंगठा रेशनच्या मशीनवर चार-चार वेळा टेकवला तरी लागत नाही. बायोमेट्रिकमध्ये डोळे आणि चेहराही येतो, आणि ही अट कुठल्या सेवांना लावायची ते सरकार ठरवणार आहे, हे खरं. पण हा प्रश्न विचारायचा दिवस येण्याआधीच मुदत संपली होती. माकणीच्या माणसाला 'हरकती व सूचना' हे शब्द नवे नाहीत, गावातच निम्न तेरणा धरण आहे. जमीन जाते तेव्हा निदान गट नंबर लिहिलेली नोटीस तरी निघते. इथे तेवढंही नाही.

२०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच धोरण ठरवलं आहे : मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, आलेल्या सूचनांचा सारांश वेबसाईटवर टाकावा. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. कोड रिव्ह्यू झाल्यावर कुणी नवी ओळ टाकून थेट प्रॉडक्शनला पाठवली, तर आपण त्याला रिव्ह्यू झाला असं म्हणतो का?

आणि कलम ५ चं काय झालं? ते आता कलम २० आहे. आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षा हे शब्द तसेच, जोडीला आपत्ती व्यवस्थापन. आपत्तीत बचावकार्याचे निरोप आधी पोचावेत अशी सोय त्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागाने पाहिली आहे, त्यामुळे ही सोय मला मोलाची वाटते. पण निरोप अडवायचा आणि सेवा बंद करायचा अधिकारही त्याच कलमात आहे. कधी, किती दिवस, कुणाच्या सहीने, हे नियमांत ठरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अशा नियमांचे मसुदे राजपत्रात आले, तीस दिवसांच्या मुदतीने, आणि वर्ष संपायच्या आत पक्के झाले.

यापुढेही असे मसुदे निघत राहतील. तेव्हा मंडळी, राजपत्रावर अधूनमधून नजर टाका आणि एक ईमेल नक्की पाठवा. गावाकडच्या कुणाला इंग्रजी मसुदा कळत नसेल, तर त्याला मराठीत समजावून त्याची हरकतही लिहून द्या. शनिवारची एक दुपार पुरते.